शेहेचाळिसाव्या वर्षी शुश्रूषेच्या कामात यायचं म्हणता, तर राजीनाम्याआधी बारा शनिवार द्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नीट वाचलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. वय 46. भोसरीतल्या ऑटो पार्ट्सच्या कंपनीत 22 वर्षं, सध्या परचेस मॅनेजर. आईला पक्षाघात झाला, नऊ महिने ती अंथरुणावर होती, आणि शेवटचे चार महिने रजा, घरून काम आणि रात्रीची जागरणं यांची मोट बांधून तुम्ही तिचं सगळं केलंत. फेब्रुवारीत ती गेली. तेव्हापासून पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, काढताना हात चालतात पण मन लागत नाही. ‘आयुष्यात खरं काम केलं ते त्या चार महिन्यांत’ असं तुम्ही लिहिलंय. मुलगी अकरावीत, बायको खासगी शाळेत शिक्षिका, घराचे हप्ते अजून सात वर्षं. आणि विचारताय की उशीर झालाय का, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करू का, घर कसं चालेल, लोक काय म्हणतील.

मी 42 व्या वर्षी सातपूरच्या एका कारखान्यातली ऑफिसची नोकरी सोडली. त्याला 19 वर्षं झाली. आधी एका वृद्धाश्रमात रात्रपाळीची सुपरवायझर होते, आता रोग्यांचं करायला घरोघरी ड्युटीला जाणाऱ्या बायका-पुरुषांना, म्हणजे आमच्या मावश्या आणि मामांना शिकवते, त्यांच्या ड्युट्या लावते. तेव्हा हे उत्तर म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या कामातून आलेलं आहे. लहान मुलांचं, व्यसनमुक्तीचं काम मी केलेलं नाही, त्याबद्दल बोलणार नाही.

वयाचं लगेच सांगते. उशीर झालेला नाही. पंचविशीच्या पोराला ‘ए, इकडे ये’ म्हणणारे आजोबा कानशिलं पिकलेल्या माणसाकडून मुकाट्याने युरीन पॉट लावून घेतात, हे मी कितीदा पाहिलंय. शिवाय पुरुष आमच्याकडे कमी येतात. सत्तर किलोच्या आजोबांना उचलायला, त्यांना अंघोळ घालायला मामा हवा म्हणून रोज फोन येतात, आणि माझ्या वहीत मावश्यांची नावं दोन पानं आणि मामांची अर्ध्या पानात संपतात. तोटा एवढाच की आजीबाईंच्या खोलीत तुम्हाला घरचे सहसा येऊ देणार नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. तुमचं उत्तर त्याच्यावरच अवलंबून आहे. ते चार महिने तुम्हाला खरे वाटले ते काम म्हणून, की ती आई होती म्हणून?

आईची कूस बदलताना तुमच्या पाठीशी 46 वर्षं होती. ती रागावली तरी तिचा राग ओळखीचा होता. ड्युटीवर तसं काही नसतं. माणूस परका, घर परकं, फ्रिज कधी उघडायचा हे ठरवणारी सून परकी. मुलगा परदेशातून कॅमेऱ्यावर बघत असतो आणि तुम्ही दहा मिनिटं खुर्चीत डोळे मिटलेत की फोन येतो. आजोबा स्वभावाने चांगले असतील असंही नाही. आयुष्यभर बायकोला मारणारा माणूसही लकवा मारल्यावर तितकाच लुळा होतो, आणि त्याचीही पाठ दर दोन तासांनी बघावी लागते. माझ्या पहिल्या वर्षात असे एक गृहस्थ होते. मला ते अजिबात आवडायचे नाहीत, आणि त्यांच्या पाठीला जखम होऊ न देणं हे माझं काम होतं. जखम झाली नाही. त्या दिवशी मला कळलं की मी या कामात टिकेन.

त्याच वर्षातली दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. एका आजींना पक्षाघात झालेला, उजवी बाजू गेलेली. माझी शिफ्ट संपत आलेली, बस पकडायची घाई. मी त्यांना जेमतेम उशी देऊन पेज भरवली, तोंड पुसलं, आडवं केलं. पाच मिनिटांत त्यांना असा ठसका लागला की ओठ निळे पडले. उजव्या गालात घास तसाच साठून राहिला होता. लकवा मारलेल्या बाजूला घास अडकला तर रोग्याला कळत नाही, आपण बोट फिरवून किंवा बॅटरीने बघायचं असतं, आणि भरवून झाल्यावर अर्धा तास बसतं ठेवायचं असतं. मला हे माहीत होतं, पण हाताला सवय लागलेली नव्हती. आजी वाचल्या. त्यानंतरची कितीतरी वर्षं मी ती बस सोडून पुढची पकडत आले. माया तुमच्याकडे आहेच, ती पत्रात दिसते. पण सहा वाजता घाई असताना ज्याच्या हाताला सवय असते तोच गाल तपासतो.

आणि दुःखाचं काय? घरचं माणूस हातावर गेलेलं असेल तर आम्ही त्या माणसाला निदान एक वर्ष त्याच आजाराचा रोगी देत नाही. हा पुस्तकातला नियम नाही, आम्ही पोळून शिकलेला आहे. एक बाई नवऱ्याच्या कॅन्सरनंतर आमच्याकडे आल्या होत्या. कामाला फार चांगल्या. तिसऱ्या महिन्यात त्यांच्याकडे तसाच रोगी गेला, आणि तो गेल्यावर त्या रात्रभर त्याच्या पलंगाशी बसून राहिल्या, ड्युटी संपली तरी उठेनात. पुन्हा आल्या नाहीत. चूक त्यांची नव्हती, ड्युटी लावणारीची होती, म्हणजे माझी. तुमच्या आईला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. वर्षश्राद्ध होईपर्यंत राजीनाम्याचा कागद टाइपसुद्धा करू नका, एवढं माझं ऐका.

पण थांबा म्हणजे नुसते बसून राहा असंही नाही. तुम्ही बारा शनिवार द्या. पुण्यात आहात, वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होणारा नसला तरी त्रास कमी करण्याची शुश्रूषा) केंद्र 1997 पासून आहे, कॅन्सरच्या रोग्यांची वेदना आणि घरच्यांची घालमेल दोन्ही कशी सांभाळतात ते तिथे एकदा समजून घ्या. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून चालतं. ज्यांच्यावर आता इलाज उरलेला नाही अशा माणसांसाठी आपल्या देशात उघडलेली ती पहिली जागा. केरळात तर 1993 मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून गल्लीगल्लीतली साधी माणसं, शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, आठवड्यातले दोन तास काढून शेजारच्या रोग्यांकडे जायला लागली. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. हा तिसरा रस्ताही असतो हे लक्षात ठेवा. पोटासाठी परचेस आणि शनिवारी हे काम, यात कमीपणा काही नाही. कदाचित तुमचं उत्तर तेच निघेल.

प्रत्यक्ष हात लावायला मात्र जवळचा एखादा साधा वृद्धाश्रम गाठा, जिथे कॅमेरे आणि पाहुणे येत नाहीत. सांगा, शनिवारी रात्री आठ ते सकाळी आठ येईन, मावशींच्या हाताखाली करीन, फोटो काढणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून ते चमकतील, कारण वाढदिवसाला केळी वाटून फोटो काढणारेच त्यांच्याकडे येत असतात.

पहिल्या तीन रात्री काहीच ठरवू नका, तेव्हा सगळ्यांनाच भारावल्यासारखं होतं. चौथ्यापासून बघा. रविवारी पाठ किती दुखते? कमरेत न वाकता गुडघ्यात वाकून उचलणं जमतंय का? रोग्याला ओढून वर न सरकवता मधल्या चादरीवर उचलून घेता येतंय का? (ओढलं की म्हाताऱ्या माणसाची कातडी ओल्या कागदासारखी सोलते.) मॅकिन्टॉश, म्हणजे खालचं रबरी कापड, त्याला सुरकुती पडली तर तुम्हाला आपोआप दिसते, की मावशींना दाखवावी लागते? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखाद्या रात्री कोणी तुमच्या थोबाडावर पाण्याचा पेला फेकला, घरच्यांनी तुमच्यावरच चोरीचा संशय घेतला, तर पुढच्या शनिवारी पाय तिकडे वळतात का?

विस्मरणाच्या आजाराचे रोगी तर जरूर बघा, कारण पुढची वीस वर्षं हे काम त्यांचंच असणार आहे. आमच्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. दिवे लागले की अस्वस्थ व्हायचे, दार हलवायचे, ‘घरी जायचंय’ म्हणून ओरडायचे. नवी पोरं त्यांना समजावत बसायची की आजोबा, हेच तुमचं घर. त्याने ते आणखी बिथरायचे. एका मावशींनी एकदा सहज विचारलं, ‘मास्तर, शेवटची गाडी कितीला?’ ते थबकले. म्हणाले, ‘नऊ चाळीसची मुक्कामी.’ ‘मग जेवून घ्या, गाडी लागायला वेळ आहे.’ जेवले. नऊ चाळीसला मावशी म्हणाल्या, ‘लागली गाडी, मुक्कामीच आहे, झोपा आता.’ झोपले. त्या मावशी चौथी शिकलेल्या. हे मी तुम्हाला एमएसडब्ल्यूच्या आधी सांगतेय, मुद्दाम.

आता एमएसडब्ल्यू. दोन वर्षांचा कोर्स, कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि त्यात क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट 1936 पासून आहे, निर्मला निकेतन 1955 पासून, तुमच्या पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे. नोकरी न सोडता करायचा तर इग्नूमधूनही करता येतो. पण तो कशासाठी हवाय? रोग्याजवळ बसायचं असेल तर त्याची गरज नाही. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक व्हायचं असेल तर हवाच. मोठ्या संस्थेत प्रकल्प बघायचा असेल, समुपदेशनाकडे वळायचं असेल, तर उपयोगी पडतो. अपंग मुलांना शिकवायचं असेल तर रस्ता पूर्ण वेगळा, तिथे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला कोर्स आणि नोंदणी लागते, त्याशिवाय शाळेत उभं करत नाहीत. एमएसडब्ल्यूवाल्यांचं काम मी कमी लेखत नाही. मुलाने बक्षीसपत्र करून घेऊन आईला बाहेर काढलं, अशा प्रकरणात 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे अर्ज कसा करायचा, बक्षीसपत्र रद्द कसं होऊ शकतं, हे त्यांनाच नीट माहीत असतं. मला ते माहीत नसल्याने एका आजींचे सात महिने फुकट गेले. तेव्हा 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही नव्हती. आता आहे, तो नंबर आमच्या प्रत्येक मावशीच्या फोनमध्ये भरून ठेवलाय.

तुम्ही मात्र एक गोष्ट विसरताय, आणि मला वाटतं तीच तुमची खरी वाट आहे. तुम्ही 22 वर्षं खरेदी केली आहे. पत्रात तुम्ही ती ‘निरर्थक’ म्हटलीय. आमच्या क्षेत्रात या गोष्टीची काय बोंब आहे ते ऐका.

आमच्या ओळखीच्या एका आश्रमात सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले, एमआयडीसीतल्या स्टोअर्स डिपार्टमेंटमधून. त्यांनाही रोग्यांची सेवाच करायची होती. दोन महिने त्यांनी ती केली, बेताची केली. मग एका रात्री औषधांच्या कपाटासमोर उभे राहिले. अर्धवट कापलेल्या स्ट्रिप, एक्सपायरी ज्या कोपऱ्यावर छापलेली तोच कोपरा कापून गेलेला, दोन आजींची नावं सारखी म्हणून डबे अदलाबदल झालेले. माणूस हादरला. त्यांनी प्रत्येक रोग्याला बिनकार्ड, म्हणजे काय आलं, काय गेलं, काय उरलं याची नोंद ठेवणारं कार्ड लावलं, जसं नट-बोल्टला लावतात तसं. सकाळ-दुपार-रात्र असे तीन रंगांचे डबे, स्ट्रिप कापायची ती एक्सपायरीच्या उलट्या टोकाकडून, आधी आलेलं आधी संपवायचं. डायपर किती लागतात याचा महिन्याचा हिशेब काढला आणि किरकोळ दुकान सोडून थेट डिस्ट्रिब्युटरकडून घेतले. वाचलेल्या पैशांतून रात्रपाळीला एक मावशी वाढली. दहा खाटांमागे एक मावशी जास्त असणं म्हणजे काय, ते रात्री तीन वाजता ज्याला पाणी हवं असतं त्याला विचारा.

आज ते त्या आश्रमाचे व्यवस्थापक आहेत. आठवड्यातून एक पाळी अजून खाटेशी करतात, कारण तिथे हात लावला नाही तर कपाटात काय कमी पडतंय ते कळत नाही, असं ते म्हणतात. अशी माणसं आमच्याकडे फार थोडी आहेत. मायाळू माणसं येतात, पण एअर बेडच्या (पाठीला जखम होऊ नये म्हणून घालतात त्या हवेच्या गादीच्या) पंपाची वॉरंटी कुठल्या फाइलमध्ये आहे ते कोणालाच माहीत नसतं. पंप बंद पडला की चार तासांत कंबरेखाली लाल डाग उमटतो.

पैशांचं स्पष्ट लिहिते, कारण या विषयावर आपल्याकडे कुजबुजत बोलतात. नाशकात आमच्याकडे बारा तासांच्या ड्युटीला मावशीच्या किंवा मामाच्या हातात महिन्याला साधारण 15 ते 18 हजार पडतात. पुण्यात थोडे जास्त असतील. ड्युटी लावून देणारा ब्युरो मध्ये असेल तर घरचे देतात ते आणि हातात येतात ते यात बरंच अंतर असतं, ते आधी विचारून घ्या. व्यवस्थापकाला याच्या दुपटीपर्यंत, संस्था बघून. म्हणजे तुमच्या आजच्या पगाराच्या जवळपासही नाही. सात वर्षांचे हप्ते आणि दोन वर्षांत मुलीची इंजिनिअरिंगची किंवा कशाची फी, हे या पगारात बसत नाही. मग दोन गोष्टी होतात: एक तर हप्ता आधी संपवायचा किंवा इतका कमी करायचा की बायकोच्या पगारात निघेल, नाही तर तीन-चार वर्षं थांबायचं. पन्नाशीत आलात तरी आम्ही दार लावून घेत नाही.

कंपनीतून निघताना ग्रॅच्युइटीचा आकडा एचआरकडून लेखी घ्या, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार धरतात. पीएफच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं केव्हाच पूर्ण झालीत, तेव्हा 58 व्या वर्षी तुमचा हक्क शाबूत आहे. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण प्रत्येक वर्षाला चार टक्के कापून, म्हणून शक्यतो हात लावू नका. आणि ज्यात सगळे फसतात ती गोष्ट म्हणजे आरोग्य विमा. कंपनीचा ग्रुप विमा शेवटच्या दिवसाबरोबर जातो. तुम्हाला किंवा वहिनींना बीपी-शुगर असेल तर नवी पॉलिसी वाट बघायला लावते. राजीनाम्याच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का ते विचारा. मी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि माझा सगळा पीएफ त्यात गेला.

तुमच्या मावसभावाने इंग्लंडच्या केअर व्हिसाचं सुचवलंय म्हणता. ते डोक्यातून काढा. काळजीवाहकांना कुटुंब नेण्याची सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली आणि जुलै 2025 पासून बाहेरच्या देशांतून नव्याने भरतीच थांबवली आहे. आता त्या नावाने कोणी एजंट लाखभर रुपये मागत असेल तर तो तुम्हाला इंग्लंडला नेणार नाही, एवढं नक्की.

राहिले लोक. आपल्याकडे समाजसेवा म्हटलं की आनंदवन आणि हेमलकसा आठवतं. त्या माणसांपुढे मी मान झुकवते, पण त्यामुळे एक घोटाळा झालाय. या कामात येणारा माणूस एक तर सर्वस्व सोडून आलेला महात्मा असतो, नाही तर ‘आयाबाईचं काम’ करणारा बिचारा. पगार विचारणारा, रजा घेणारा, दिवाळीला बोनस मागणारा साधा नोकरदार लोकांच्या डोक्यात बसतच नाही. माझ्या सासूबाई पहिली दोन वर्षं नातेवाइकांना सांगायच्या की ही हॉस्पिटलात ऑफिसला आहे. मग त्या स्वतः पडल्या, खुबा मोडला. त्यांना बेडपॅन लावताना मी आधी त्यावर कोमट पाणी ओतून पुसून घेतला. थंडगार पत्रा लागला की माणूस आखडतो, म्हणून. त्यांनी विचारलं, ‘हे सगळ्यांचंच करतेस?’ मी हो म्हटलं. त्यानंतर त्या कोणाला काय सांगायच्या ते मी विचारलं नाही.

लोकांपेक्षा वहिनींशी बोला. आकडे मांडून, वहीत लिहून, आणि त्यांचा नकार आला तर तो तुमच्या मायेवरचा अविश्वास समजू नका. आईच्या आजारपणाचे ते नऊ महिने घर त्यांनीही ओढलंय, तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे म्हणून सांगते.

शेवटी एक. आईचा एअर बेड घडी करून माळ्यावर ठेवलाय आणि तो बघवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. या रविवारी तो खाली काढा. पंप लावून रात्रभर फुगवून ठेवा, सकाळी कुठे हवा गेलीय का ते हात फिरवून बघा. महिनोन्महिने घडीत राहिला की घडीवरच चिरतो. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, पंपाची नळी वेगळ्या पिशवीत ठेवा. आणि शनिवारी ज्या आश्रमात जाल तिथे पहिल्या दिवशी तो घेऊनच जा. त्यांच्याकडे लागत असलेला रोगी नक्की असेल, आणि तो खाटेवर नीट कसा अंथरायचा हे तुम्हाला येतं.